घुमटावरचं सिमेंट

नववीच्या वर्गात घुमटांचा भाग आला की मी पुस्तक मिटून ठेवते. फळ्यावर खडूनं अर्धगोल काढते आणि मुलांना जगभर फिरवून आणते. रोममधला घुमट, ज्याच्या माथ्यावर मुद्दाम भोक ठेवलंय आणि पाऊस आला की सरळ आतल्या फरशीवर पडतो. सांचीचा स्तूप, बाहेरून घुमटासारखाच, पण आत पाऊल टाकायलाही पोकळी नाही. विजापूरचा, ज्याच्या सज्जात एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. आणि कॉन्स्टँटिनोपलचा, जो बांधल्यावर वीसेक वर्षांतच भूकंपाच्या धक्क्यांनी ढासळला आणि मूळ बांधणाऱ्यांपैकी एकाच्या पुतण्यानं पुन्हा उभा केला. या पुतण्यापाशी मी जरा जास्त रेंगाळते. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नाही, तरीही.

मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मधी खांब न्हाई, तरी पडत कावून न्हाई?" मी सांगते, प्रत्येक वीट शेजारणीला रेटत असते, म्हणून कुणालाच पडायला जागा मिळत नाही. हे वाक्य माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गवंडी होते, आणि त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. आयुष्यात त्यांनी एकच घुमट जवळून पाहिला, आमच्या गावचा, आणि त्या एकाची वाट त्यांनीच लावली होती.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडून आत वळतं. गावाबाहेर माळावर हा घुमट आहे. आत ना मूर्ती, ना कबर, नुसता रिकामा चौथरा. कुणी बांधला, कुणासाठी, ते गावात कुणालाच माहीत नाही आणि कुठल्या खात्याच्या यादीतही तो नाही. पण गावाला त्याचा एक उपयोग होता. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. जाताना लोक आपली पत्र्याची पेटी, अंथरुणं, लग्नातली भांडी घुमटात आणून ठेवायचे. दाराला साधी कडीसुद्धा नाही, पण घुमटातल्या वस्तूला कुणी हात लावत नसे. सहा महिन्यांनी परत आलं की आपापली पेटी उचलायची. उरलेल्या महिन्यांत गारपीट आली की धनगर आपली कोकरं आत कोंडायचे, आणि त्याबद्दलही कुणाची तक्रार नव्हती.

माझे आजोबा चुन्याचे गवंडी. घुमटाच्या बाहेरून शेवटचा चुना त्यांनी चढवला होता. तो इतका घोटलेला होता की लहानपणी आम्ही घुमटाभोवतीच्या गच्चीवर चढून त्याला गाल लावायचो, उन्हाळ्यातही गार लागायचा. आजोबांची एक रीत होती. कमान किंवा घुमटी बांधून झाली आणि खालचा लाकडी साचा काढायची वेळ आली, की ते स्वतः आत जाऊन बरोबर मधोमध बसायचे आणि भाकरी खायचे. बाकीचे साचा काढायचे. ज्यानं बांधलं त्यानं खाली बसायचं. त्यांच्या आधीच्या गवंड्यांचीही हीच रीत होती म्हणे. बांधकाम बसलं तर भाकरी पुरी व्हायची, आणि एवढ्यावर काम संपलं असं धरायचे.

मी बारावीत होते तेव्हा घुमट ठिबकायला लागला. दोन-चार पेट्या गंजल्या, एका घरच्या लेकीच्या लग्नाची लुगडी कुजली. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ऊसतोडीवरून परतलेल्या लोकांनी ठरवलं की आता घुमटाला पक्कं करायचं. प्रत्येक घरानं सिमेंटचं एकेक पोतं आणलं. लोकांच्या डोळ्यांपुढे कारखान्याकडची सिमेंटची घरं होती, आणि आपल्या घुमटाला त्याहून कमी काही द्यायचं नव्हतं. गावात गवंडी एकच, माझे अण्णा. आजोबा तेव्हा नव्हते.

अडचण एकच आली. आजोबांचा चुना इतका गुळगुळीत होता की त्यावर सिमेंट धरेना, घसरून खाली यायचं. मग अण्णा छिन्नी-हातोडी घेऊन वर चढले. त्यांनी चार दिवस त्या चुन्यावर घाव घातले. मी जेवण घेऊन जायची तेव्हा गच्चीवर पांढरा भुगा पडलेला असायचा आणि अण्णा कुणाशी बोलत नसत. मला वाटलं, काम अवघड असेल. पाचव्या दिवशी सिमेंट चढलं आणि राखी रंगाचा घुमट उन्हात चकाकला. गावानं त्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढं मी शिकले, बीडला शिक्षिका झाले. एकदा शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात जुन्या इमारतींवर भाषण झालं. चुन्याच्या बांधकामावर सिमेंट लावू नये, असं वक्ते सांगत होते. चुना पाणी घेतो तसं सोडतो. सिमेंट मात्र आत गेलेल्या पाण्याला बाहेर येऊ देत नाही, आणि मग आतली वीट कुजून पीठ होते. मला नवीन ज्ञान मिळालं की ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय चैन पडत नाही. अण्णा तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते. जेवताना मी त्यांना हे सगळं हातवारे करून सांगितलं, आणि आपण कुणापुढं काय बोलतोय हे अर्ध्या वाटेवर ध्यानात आलं. घास तसाच हातात राहिला.

अण्णा म्हणाले, "मला म्हाईत हाय, माय. लावलं त्याच्या तिसऱ्याच वर्साला कळालतं."

"मग बोलला का नाही?"

"कुनाला बोलू? लोकांनी पोती आनलती."

त्यांनी जेवण संपवलं, ताट स्वतः उचललं. त्या दिवशी मला माझा इतका राग आला की मी मुलांवर विनाकारण ओरडले.

त्यानंतर आठ-दहा वर्षांत घुमटाला पायथ्यापासून चीर गेली. आतून बोट लावलं तर विटेची लाल भुकटी हाताला यायची. पेट्या ठेवणं बंद झालं. अण्णांना काचबिंदूनं तोवर फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं, पण कुणी गावाहून आलं की पहिला प्रश्न तोच, चीर कुठवर आली?

एका डिसेंबरात सरपंचांचा फोन आला. सरपंच नात्यानं माझा चुलतभाऊ, वयानं लहान. "अक्का, घुमट पाडायचा ठरवलाय. कुनाच्या अंगावर आला तर मलाच धरतीन. तोडीवरची मान्सं पाडव्याला आली की सभा घेतो, मग जेसीबी लावतो. तितं स्लॅबचा मंडप करू, पेट्यालाबी जागा व्हईल." त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. "पाडव्यापस्तोर थांबशील का?"

"थांबतो की, काका. कावून?"

"माझं सिमेंट काढून घिऊ दे. मग पाड न्हाईतर ठिव."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, काढणार कोण? डोळे नाहीत, गुडघे नाहीत, दम लागतो. गावातली धडधाकट माणसं उसात. अण्णा म्हणाले, "तू हायस की." मी चाळीस ओलांडलेली, खडूखेरीज काही न धरलेली बाई. आणि लहानपणी मी थापीला नुसता हात लावला तरी हेच अण्णा ती काढून घ्यायचे, पोरीचं काम नाही म्हणून. हे मी त्यांना ऐकवलंच. ते म्हणाले, "तव्हा चुकलतो." मी कॅलेंडर काढून रजा मोजायला घेतल्या.

जानेवारीपासून दर शनिवारी शाळा सुटली की मी अण्णांना घेऊन निघायची, मांजरसुंब्याला चहा आणि रविवार संध्याकाळी परत. त्यात जमेल तेवढ्या रजा टाकल्या. पहिल्या दिवशी अण्णांनी आतून चिरेच्या बाजूला तीन लाकडी बल्ल्या टेकू म्हणून ठोकून घेतल्या. मदतीला सरपंच आणि माळावर मेंढ्या राखणारी धनगर मावशी, एवढीच माणसं. मग अण्णांनी एक घमेलं पालथं मागितलं, काठी घेतली, आणि घुमटाच्या आत मधोमध जाऊन बसले.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ओरडले. "अण्णा, बाहेर या. वरून काही पडलं तर?"

"म्हनून तर बसलोय. छिन्नीचा आवाज आतून कळतो. वीट टनक हाय का भद्द, ते तुला वरून न्हाई कळायचं. एक ठोका म्हंजी चालू दे. दोन म्हंजी थांब."

"आवाज दारातूनही येतो."

ते म्हणाले, "सिमेंट लावलं तव्हा मी वर हुतो आन खाली लोक टाळ्या पिटीत हुते. साचा न्हवता, म्हनून कुनी म्हनलं न्हाई का बाबा आता तू खाली बस. मीबी बसलो न्हाई. आता बसतो."

मी रडले, चिडले, परत जाते म्हणाले. मावशी शांतपणे म्हणाली, "पोरी, म्हातारं हालनार न्हाई. तू हळू मार." मी वर चढले.

एकदम एका बाजूचं काढायचं नाही, हे त्यांनी बजावलं होतं. हातभर इकडचं काढलं की हातभर समोरचं. नाहीतर ओझं एका अंगाला जातं आणि विटांचं एकमेकींना रेटणं बिघडतं. मी छिन्नी ठेवायची, हलकेच मारायची, आतून घमेल्याचा एक ठोका यायचा. मग पुढचा घाव. दोन ठोके आले की मी छिन्नी उचलून घ्यायची. माझ्या प्रत्येक घावाच्या खाली माझा बाप बसलेला आहे, हे एक क्षणही डोक्यातून जात नसे. इतक्या सांभाळून मी आयुष्यात दुसरी कुठलीच गोष्ट केलेली नाही.

पहिला मोठा पापुद्रा सुटला आणि खाली आजोबांचा चुना दिसला. त्याच्यावर घाव होते. बोटाच्या पेराएवढे, खोल, एकाशेजारी एक, जिथवर नजर जाईल तिथवर. मला वाटलं होतं थोडे असतील. त्या चार दिवसांत अण्णांनी किती वेळा हात उचलला असेल, ते मला तेव्हा दिसलं. मी गाल लावायची ती जागा कुठली, तेही ओळखू येईना.

संध्याकाळी खाली उतरले तर अण्णांनी विचारलं, "खालचा चुना कसा हाय?"

"चांगलाय."

"घाव?"

"थोडेच हायेत, अण्णा. बाकी गुळगुळीत हाय."

त्यांनी मान हलवली. पुढं दर आठवड्याला त्यांनी हेच विचारलं आणि मी दर आठवड्याला हेच सांगितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी उभं करते. इथं मला अजिबात लाज वाटली नाही.

फेब्रुवारीच्या एका रविवारी घमेल्याचे दोन ठोके आले, मी थांबले, आणि आत काहीतरी घसरत कोसळल्याचा आवाज आला. चिरेतून लाल धूळ वर आली. मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. आत काही दिसत नव्हतं. मी अण्णा, अण्णा करत चाचपडत गेले. ते जागेवरच बसले होते, डोक्यावर, पापण्यांवर विटेचं पीठ. पाच-सहा विटा त्यांच्यापासून दोन हातांवर पडल्या होत्या.

"लागलं का?"

"न्हाई. सडलेल्या हुत्या, त्या गेल्या. तू समोरचं काढ. आत्ताच काढ, थांबू नको, तोल जाईल." मग, माझा हात चाचपून, हळू आवाजात म्हणाले, "मी हाय हितं." मी पुन्हा वर गेले. समोरचं हातभर काढलं. बाकीच्या विटांनी एकमेकींना धरून ठेवलं होतं, घुमट हलला नाही. त्या आठवड्यात सरपंचानं स्वतः विटा शोधून आणल्या आणि ते भगदाड अण्णांच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी बुजवलं.

मार्चमध्ये शेवटचा तुकडा निघाला. सिमेंटचे तुकडे मी घुमटामागे रचून ठेवायची, अण्णांच्या वाटेत येणार नाहीत असे. मावशीनं विचारलं, वाड्याच्या कडेला रचू का? मेंढ्यांचा वाडा, त्याच्या दाराशी चिखल व्हायचा. मी म्हटलं, न्या सगळे. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

त्या दिवशी मावशीनं वाड्यापाशी चहा केला आणि अण्णांचा हात धरून त्यांना तिथंच बसवलं, नव्यानं रचलेल्या बुटक्या कठड्यावर. मेंढ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून तिनं तुकडे उलटे लावले होते, खडबडीत अंग वर. अण्णांनी टेकायला तळवा ठेवला आणि त्यांचा हात थबकला.

सिमेंटनं प्रत्येक घाव भरून घेतला होता. चुन्यावर जिथं खड्डा, तिथं तुकड्याच्या पाठीवर तेवढाच उंचवटा. अण्णा अंगठा फिरवत गेले, एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर, मग शेजारच्या तुकड्यावर, मग त्याच्याही पलीकडच्या. मी त्यांना हाक मारायला हवी होती. मी नुसती बघत राहिले. चहा निवला.

"थोडेच म्हनलीस," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"माझ्या बापानं पावसाळा संपस्तोर घोटलता तो चुना. मी रोज भाकर घिऊन जायचो." त्यांचे डोळे कोरडेच होते, पण खालचा ओठ आवरत नव्हता. लहान पोराचा आवरत नाही, तसा. "मला म्हाईत हुतं, माय, किती हायेत. तू न्हाई म्हनलीस तर वाटलं, असतील बी कमी."

मी त्यांच्या पायाशी मातीत बसले. मावशी मेंढ्या घेऊन मुद्दाम लांब गेली.

मग ते म्हणाले, "बुजवताना थापी घिऊ नको. एकेक घाव बोटानं दाब."

कळीचा चुना त्यांनी जानेवारीतच पाण्यात विरत घातला होता. त्यात बेलफळाचा गर लागतो, उडदाचं पाणी लागतं आणि गूळ लागतो. पाडव्याच्या आसपास ऊसतोडीची माणसं परत यायला लागली. घुमट पांढरा झालाय हे त्यांना रस्त्यावरूनच दिसलं. बायकांनी येताना आणलेला गूळ पुढं केला, पिवळाधमक, निवडून आणलेला. अण्णांनी हुंगून परत दिला. त्यांना बिनमसाल्याचा, रसायन न घातलेला काळा गूळ हवा होता. असला गूळ द्यायचा कसा म्हणून बायका लाजत होत्या, पण दुसऱ्या दिवशी घराघरांतून काळ्या गुळाची ढेकळं आली. सभा झाली. सरपंच म्हणाला, आखितीपर्यंत बघू, उभा राहिला तर राहिला. कुणी वाद घातला नाही.

मग मी शाळेतली उरलीसुरली रजा टाकली आणि घाव बुजवले. एकेक, तर्जनीनं. चुन्यानं बोटाचं कातडं गेलं, फडकं बांधून मधलं बोट वापरलं. वरून पातळ हात मारला, घोटला, ओली पोती पांघरली. आजोबांसारखा गुळगुळीत मला जमला नाही. अण्णांनी चढता येईल तेवढं चढून हात फिरवला आणि "चालंल" म्हणाले. त्यांच्या तोंडून मला मिळालेलं हे सर्वांत मोठं शिफारसपत्र.

आखितीला बल्ल्या काढायच्या होत्या. गाव जमलं होतं. मी अण्णांची घोंगडी आत मधोमध अंथरली, भाकरी ताटलीत घेतली आणि त्यांना दारापर्यंत धरून आणलं. ते उंबऱ्यापाशी थांबले.

"मी न्हाई," म्हणाले. "ज्यानं बांधलं त्यानं."

"अण्णा, हे तुमचं काम आहे."

"माझं काम तू काढून टाकलंस. आता हाय ते तुझं हाय. जा, बस."

मी आत गेले. घोंगडीवर बसले, वर पाहिलं. भगदाडाच्या नव्या विटा वेगळ्या कळत होत्या. सरपंचानं आणि दोघांनी पहिली बल्ली सोडवली, मग दुसरी. मी भाकरी तोडली, तोंडात घातली. तिसरी निघाली तेव्हा वरून चिमूटभर भुकटी ताटलीत पडली. माणसं बल्ल्या घेऊन बाहेर गेली आणि घुमटात मी एकटी उरले.

मग दारातून घमेल्याचा आवाज आला. एक ठोका.

मी थांबले, कान दिला. वर काही हललं नाही. मी भाकरी पुरी खाल्ली, ताटली पालथी केली आणि बोटांनी एकदा वाजवली.